उंच उंबरठ्यांचे शब्दवाडे

संगणकावरील खेळ म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे रंगीत, धावती चित्रे उभी राहतात. परंतु या खेळांची एक जुनी शाखा अशी आहे की जिच्यात चित्र नावालाही नसते. पडद्यावर मजकूर उमटतो: समोर पडकी वेस आहे, उत्तरेस चिंचोळी वाट जाते, वेशीपाशी एक म्हातारा शेकोटी पेटवून बसला आहे. खेळणारा कळफलकावरून आज्ञा लिहितो, उत्तरेकडे जा, म्हाताऱ्याशी बोल, जळते लाकूड उचल. आणि तिला उत्तर म्हणून पुन्हा मजकूरच येतो. त्याच क्षणी त्याच वेशीपाशी निरनिराळ्या देशांतील आणखी चार माणसे उभी असू शकतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या कल्पनेतील पात्र होऊन वावरत असतो. या खेळांना इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'मड' म्हणतात. त्यांच्याकडे आता नवी माणसे फारशी फिरकत नाहीत. ती यावीत म्हणून या खेळांचा दर्शनी भाग, ज्याला संगणकाच्या परिभाषेत इंटरफेस म्हणतात, आधुनिक करावा की नाही, यावर चालकांत आणि जुन्या खेळाडूंत बरीच वर्षे वाद चालू आहे.

वरवर पाहता हा मूठभर छांदिष्टांचा घरगुती तंटा वाटेल. तथापि त्यात जे पणाला लागले आहे ते लहान नाही. पुस्तक कोणी वाचले नाही तरी ते कपाटात राहते आणि पन्नास वर्षांनी रद्दीच्या दुकानात एखाद्याच्या हाती लागते. मडचे तसे नाही. तो चालू असतो तोवरच असतो. त्याची हजारो दालने, त्यांतील वर्णने, पात्रे, दंतकथा ही अनेकांनी वर्षानुवर्षे विनामोबदला लिहिलेली असतात, आणि शेवटचा चालक कंटाळून सर्व्हर बंद करतो त्या दिवशी ती सारी वाचकांच्या दृष्टीने नाहीशी होतात. शिवाय हे जग माणसांवाचून निरर्थक आहे. एकट्याने वाचलेली कादंबरी कादंबरीच असते. एकट्याने खेळलेला मड म्हणजे जत्रा उठून गेल्यानंतरचे पटांगण. नवागत येणे हा येथे प्रतिष्ठेचा किंवा धंद्याचा प्रश्न नाही, अस्तित्वाचा आहे.

विद्यार्थ्यांनी रचलेली सृष्टी

या खेळांचा उगम १९७८ सालचा. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी वावरावे असे शब्दमय जग रचावयास प्रारंभ केला. १९८० मध्ये रिचर्ड बार्टल याने ते काम हाती घेऊन पुढे नेले. त्यापूर्वी अमेरिकेत विल क्राउदर याने केंटकीतील खऱ्याखुऱ्या गुहांच्या आधारे एकट्याने खेळावयाचा एक शब्दखेळ लिहिला होता आणि डॉन वुड्स याने १९७७ मध्ये तो वाढवला होता. एसेक्सच्या विद्यार्थ्यांनी अशा गुहेत माणसे आणली. विद्यापीठाचा संगणक दिवसा इतर कामांत गुंतलेला असे, त्यामुळे बाहेरच्या मंडळींना प्रवेश मिळे तो मध्यरात्र उलटल्यावर. तरीही माणसे येत.

पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टाइनीमड आणि स्वीडनमध्ये एलपीमड जन्मला. १९९० मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस याने लॅम्डामू उभा केला आणि १९९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांचा डिकूमड जगापुढे आला. यांचे मूळ लेखन इतरांना मोकळे मिळाले, त्यामुळे त्यांच्या वंशातील शेकडो जगे नव्वदच्या दशकात उदयास आली. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट हा चित्रमय खेळ आला. तो रचणारी मंडळी डिकूमडच्या वंशातील खेळांवरच पोसलेली होती. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि त्याची खेळाडूसंख्या लाखांत मोजली जाऊ लागली. नातवंडांनी आजोबांच्या माजघरातील भांडी नव्या बंगल्यात नेली आणि आजोबांना जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसवले, असेच या इतिहासाचे वर्णन करावे लागेल.

दाराशी काय घडते

एखाद्या विद्यार्थ्याच्या कानी या खेळांची कीर्ती पडली आणि तो पाहावयास गेला, तर त्याच्या वाट्याला काय येते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पुष्कळ मडांत जाण्याची मूळ वाट टेलनेट नावाच्या संपर्कपद्धतीची. ही पद्धत १९६९ पासूनची. तिचा प्रमाण मसुदा १९८३ चा. एके काळी संगणकांवर टेलनेटचा कार्यक्रम तयार मिळत असे. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तो मुळात बंद ठेवलेला असतो, आणि २०१७ मध्ये ॲपल कंपनीने तो आपल्या संगणकांतून काढूनच टाकला. म्हणजे ज्या दाराचा पत्ता जुने खेळाडू अजूनही सांगतात, ते दार नव्या माणसाच्या घरातून दिसतच नाही. त्याने वेगळा कार्यक्रम शोधावा, उतरवून घ्यावा, त्यात पत्ता व दाराचा क्रमांक भरावा, मग पुढे जावे. जालावरचे कोणतेही पान एका स्पर्शाने उघडण्याची सवय असलेल्या मुलाचे पाऊल येथेच थबकते.

चिकाटीने तो आत गेलाच तर काळ्या पडद्यावर ओळी झरझर वर सरकू लागतात. ओळीची लांबी बहुधा ८० अक्षरांची, कारण एके काळच्या पडद्यावर तेवढीच मावत. १९७८ मध्ये, मडच्याच जन्मवर्षी, बाजारात आलेला व्हीटी-१०० हा पडदा ८० अक्षरे रुंद व २४ ओळी उंच होता, आणि त्या पडद्याची सावली आजही या खेळांवर पडलेली आहे. काळ्यावर गडद निळी अक्षरे वाचताना डोळ्यांना पाणी येते, ते वेगळेच. पात्राचे नाव विचारले जाते, मग वंश, मग व्यवसाय. ज्या जगाची अद्याप तोंडओळखही झालेली नाही त्यातील जन्म, जात व धंदा नवागताने पहिल्याच मिनिटाला कायमचा ठरवावयाचा! त्यानंतर पडद्याच्या तळाशी '२०एच १००एम ८२व्ही' असे काहीतरी उमटते. हा आकडा प्राणशक्तीचा, तो मंत्रशक्तीचा आणि तिसरा चालण्याच्या शक्तीचा, हे सांगणारे तेथे कोणी नसते.

खरी पंचाईत याहून पुढची. स्थळाचे वर्णन, शेजारच्या दोघांचे संभाषण, दूरच्या मित्रांच्या गप्पा, चालकांची घोषणा आणि लढाईतील प्रत्येक घावाची नोंद, हे सारे एकाच प्रवाहात मिसळून येते. अनुभवी खेळाडू त्यातून हवे ते टिपतो, जसा जुना कारकून फाइलीच्या गठ्ठ्यातून नेमका कागद काढतो. नवागताला मात्र तो केवळ कोलाहल वाटतो. त्यातून धीर करून त्याने 'दाराला ढकल' अशा अर्थाची आज्ञा दिली आणि खेळाला केवळ 'उघड' हा शब्द ठाऊक असला, तर उत्तर येते की हे समजले नाही. काय समजले असते, हे उत्तरात नसते. कचेरीच्या खिडकीवर अर्ज परत मिळावा आणि कोणता कागद कमी आहे हे मात्र कळू नये, असाच हा अनुभव. दोन-तीनदा असे झाल्यावर माणूस उठून जातो आणि परत येत नाही. तो का गेला हेही चालकाला कळत नाही, कारण तक्रार करण्याइतका तो तेथे रुळलेलाच नसतो.

जुन्यांचा अभिमान

या अडचणी जुन्या खेळाडूंपुढे मांडल्या तर एक उत्तर हमखास मिळते: उंबरठा उंच आहे म्हणूनच आतली मंडळी चांगली आहेत. ज्याला आज्ञा शिकण्याचा कंटाळा, तो पुढे वर्णने तरी काय वाचणार? गर्दी आली की तिच्याबरोबर शिवीगाळ येते, घाई येते, आणि ज्या संथ, शिष्ट, लिहित्या-वाचत्या समाजासाठी हे जग आहे तो समाजच मोडतो. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. मोकळ्या दाराचे दुष्परिणाम या जगांनी पाहिलेले आहेत. लॅम्डामूमध्ये १९९३ साली एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून केलेल्या अत्याचाराचे प्रकरण इतके गाजले की तेथे अर्ज, मतदान व शिक्षा यांची सारी यंत्रणा बसवावी लागली.

परंतु या युक्तिवादात दोन निराळ्या अडचणी एकाच मापात घातल्या जातात. जगाचे अवघडपण ही एक गोष्ट आणि दाराचे अवघडपण ही दुसरी. कोडे सुटता सुटू नये, नकाशा मनात जुळवावा लागावा, एखाद्या पात्राचा विश्वास संपादन करावयास महिने लागावेत, हे या खेळाचे वैभव होय. निळी अक्षरे काळ्यावर दिसू नयेत, यात वैभव कसले? दाराच्या क्रमांकाची कटकट सोसणाऱ्याला वाचनाची गोडी असेल असा नियम नाही. त्याला संगणकाशी झटापट करण्याची गोडी आहे, इतकेच त्यावरून सिद्ध होते. उलट इतिहासाची शिक्षिका असलेली, कथा-कादंबऱ्यांत रमणारी, शुद्ध आणि रेखीव लिहिणारी बाई या उंबरठ्यावरून परत जाते, आणि मडला नेमकी तिचीच गरज असते. चाळणी चालते हे खरे, पण ती भलतेच धान्य खाली पाडते.

मराठी वाचकाला या वादाची ओळख पटावयास हरकत नाही. हस्तलिखित पोथीत शब्द एकमेकांना चिकटून चालत; कोठे तोडावयाचे हे वाचणाऱ्याला गुरुमुखातून ठाऊक असे. छपाईबरोबर शब्द सुटे झाले, परिच्छेद पडू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी मराठी गद्यात विरामचिन्हांची पद्धत रूढ करण्याची खटपट केली. पोथी वाचता येणे ही तेव्हा एक विद्याच होती आणि ती विद्या येणाऱ्यांचे त्यामुळे काही प्रमाणात महत्त्व कमी झाले असेल. ओवीचे मात्र काही बिघडले नाही. अर्थ तोच राहिला. तो आणखी लाखोंना लागू लागला.

दुसऱ्या टोकाची चूक

आधुनिकतेच्या नावाखाली सुचवले जाणारे सारेच उपाय मात्र या तोलाचे नाहीत. काही चालक नवागताच्या धास्तीने इतके भांबावतात की प्रत्येक कृतीचे एक बटण करून पडद्यावर मांडतात: जा, घे, मार, बोल, विक. सोय होते हे खरे. परंतु शब्दखेळाचा जीव असा आहे की काय करता येईल याची यादी कोणी दिलेली नसते. शेकोटीतील लाकूड उचलता येईल का, त्याने वेशीवरचे जाळे जाळता येईल का, म्हाताऱ्याच्या मांडीवरील मांजराला कुरवाळले तर तो काही बोलेल का, हे खेळणाऱ्याने स्वतः योजावयाचे आणि जग त्याला उत्तर देते तेव्हा थक्क व्हावयाचे. पाच बटणे मांडली की डोळा वर्णनावरून निसटून बटणांवर स्थिरावतो. वर्णन उरते ते शोभेपुरते, आणि काही दिवसांनी ते लिहिणाऱ्यालाही कंटाळा येतो.

बार्टल याने १९९६ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात मडच्या खेळाडूंचे चार वर्ग केले होते: यश मिळवू पाहणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर वर्चस्व गाजवणारे. या चौघांत समतोल राहिला तरच जग नांदते, असे त्याचे प्रतिपादन होते. ते ध्यानात घेतले तर दर्शनी रचना ही केवळ रंगरंगोटी ठरत नाही. बटणे आणि भरत जाणाऱ्या पट्ट्या यशार्थींना बोलावतात. शोधकाला त्या हाकलतात. संभाषणासाठी नीट जागा दिली तर माणसांत रमणारे टिकतात. कोणते दार बसवावे हे ठरवणे म्हणजे कोण यावे हे ठरवणे होय.

शिवाय नवेपणाला नाशाचा शाप असतो. नव्वदच्या दशकात व पुढेही काही मडांनी जालपानावरून प्रवेश मिळावा म्हणून जावा ॲपलेट किंवा फ्लॅश या त्या काळच्या अत्याधुनिक साधनांवर आपली दारे बसवली. ब्राउझरांनी यथावकाश ॲपलेटांना थारा देणे सोडले आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार त्याच्या निर्मात्या कंपनीनेच काढून घेतला. ती दारे बंद झाली. ज्याची थट्टा होत असे ते टेलनेट मात्र अजून चालू आहे. म्हणून जुने मोडून नवे बसवण्यापेक्षा जुन्याच्या शेजारी नवे बसवणे शहाणपणाचे. सवयीचा खेळाडू मागच्या दाराने येत राहील आणि पुढचे दार पुन्हा कधी बदलावे लागले तरी घर उघडेच राहील. टेलनेटवरून परवलीचा शब्द उघड्यावर जातो हा दोष मात्र क्षम्य नाही. सुरक्षित जोडणीची सोय जुन्यांनाही दिली पाहिजे.

ज्यांच्यासाठी चित्र नाही

या चर्चेत ज्यांचा उल्लेख बहुधा शेवटी होतो, किंवा होतच नाही, त्यांचा विचार खरे तर आधी व्हावयास हवा. चित्रमय खेळांच्या लाटेत जे मागे राहिले त्यांत अंध व अधू दृष्टीचे खेळाडू होते. मडमध्ये सारे काही मजकूर असल्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, त्यांना हे संपूर्ण जग ऐकवू शकते. येथे अंध खेळाडू डोळस खेळाडूच्या बरोबरीने लढतो, व्यापार करतो, टोळीचे नेतृत्व करतो, आणि समोरच्याला तो अंध असल्याचे कळतही नाही. अशी बरोबरी देणारे सार्वजनिक क्रीडांगण दुसरे शोधून सापडणे कठीण. १९९५ पासून चालू असलेला ऑल्टर इऑन हा मड अंध खेळाडूंच्या मोठ्या वावरासाठी ओळखला जातो. एनव्हीडीए ही २००६ पासून विकसित होत आलेली स्क्रीन रीडर प्रणाली मोफत मिळते आणि मराठीही वाचते, तेव्हा येथील अंध विद्यार्थ्यालाही हे दार परके नाही.

आता कोणी नवागतांच्या आकर्षणासाठी स्थळवर्णनाच्या जागी चित्र टाकले, बटणांना नाव न देता नुसती चिन्हे दिली, किंवा सारा मजकूर नाचऱ्या चौकटींत कोंबला, तर या माणसांना तो पडदा मुका होतो. ज्यांना बाहेर कोठे जागा नाही त्यांना बाहेर काढून ज्यांना हजार जागा आहेत त्यांना आमंत्रण द्यावयाचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचा आहे. पण जुनी रचना अंधांना सोयीची होती, असेही समजण्याचे कारण नाही. रेघा, फुल्या व अधिक-चिन्हे जोडून काढलेला नकाशा जुन्या मडांत सर्वत्र दिसतो. तो स्क्रीन रीडरने वाचला की 'अधिक, रेघ, रेघ, अधिक' असा जप कानी पडतो आणि नकाशा मात्र कळत नाही.

या दोन्ही गोष्टी साधणारा मार्ग तंत्रज्ञांनी काढलेला आहे आणि तो साधा आहे. मजकूर एका वाटेने पाठवावयाचा आणि प्राणशक्ती किती, स्थळाचे नाव काय, वाटा कोणत्या दिशांना, ही माहिती दुसऱ्या वाटेने, सुटी सुटी करून पाठवावयाची. जीएमसीपी नावाची पद्धत हेच करते. खेळाडूच्या बाजूचा कार्यक्रम त्या माहितीचे त्याला हवे ते करू शकतो. एकाच्या पडद्यावर पट्टी व नकाशा दिसेल, दुसऱ्याला प्राणशक्ती ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर घंटा ऐकू येईल, तिसऱ्याला काहीच नको असेल तर काहीच दिसणार नाही. मडलेट हा मोफत कार्यक्रम अशा माहितीवरून नकाशा आखतो आणि गप्पांचा मजकूर वेगळ्या चौकटीत काढून ठेवू देतो. येणारा खेळाडू स्क्रीन रीडर वापरतो की काय, हे त्याच्या कार्यक्रमाने मडला आपोआप कळवावे असाही एक संकेत ठरलेला आहे. तो पाळला तर रेघांचे नकाशे त्याच्यापुरते गाळता येतात. ज्याला एवढेही साधत नसेल त्याने प्रवेशाच्या वेळी एक प्रश्न विचारावा. त्याला तंत्रज्ञ लागत नाही.

कथनाचा मजकूर जसाच्या तसा राहतो आणि त्याची मांडणी मात्र ज्याची त्याने करावयाची, हा या मार्गाचा विशेष. कोणत्याही सुधारणेची परीक्षा यावरूनच व्हावी: तिच्यानंतर डोळे मिटून हा खेळ पूर्वीइतकाच खेळता येतो काय? येत असेल तर ती शब्दखेळाची सुधारणा. येत नसेल तर ती दुसऱ्याच एका खेळाची सुरुवात आहे, आणि तसे स्पष्ट सांगूनच ती करावी.

आज्ञांची भाषा

दर्शनी रचनेचा सर्वांत खोल थर रंगांचा नसून भाषेचा आहे. नवागताला पांगळे न करता मदत करण्याची जागाही तेथेच आहे. अपुरा शब्द लिहिताच पुढील अक्षरे सुचवावीत. न समजलेल्या आज्ञेला जवळची आज्ञा सांगावी. एका क्रियेसाठी दहा पर्यायी क्रियापदे ओळखावीत. टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या आणि १९९१ पासून चालू असलेल्या डिस्कवर्ल्ड मडमध्ये नवशिक्यांसाठी एक वेगळे गावच वसवलेले आहे. तेथे हिंडता हिंडता आज्ञा शिकता येतात. नियमांचे लांबलचक पत्रक तोंडावर फेकण्यापेक्षा ही रीत केव्हाही श्रेयस्कर. २०१९ मध्ये एआय डंजन नावाचा खेळ आला. त्यात खेळाडूने काहीही लिहावे आणि भाषाप्रारूपाने त्याला पुढची गोष्ट रचून द्यावी अशी योजना होती. त्याला अल्पावधीत मोठा खेळाडूवर्ग लाभला. त्यात जगाला स्थैर्य नव्हते, आत्ता पाहिलेली भिंत पुढच्या ओळीत नाहीशी होत असे. पण तरुण पिढीला लिहिण्याचा कंटाळा आहे, ही समजूत मात्र त्याने खोटी पाडली. दिवसभर भ्रमणध्वनीवर संदेश लिहिणाऱ्या पिढीविषयी ती मुळातच विचित्र समजूत होती. कंटाळा आहे तो 'समजले नाही' हे उत्तर ऐकण्याचा.

मराठीत असे जग उभारावयाचे म्हटले तर हा प्रश्न किती मूलगामी आहे ते ध्यानात येते. इंग्रजी मडची आज्ञा क्रियापदाने सुरू होते, त्यामुळे पहिला शब्द पाहून यंत्राला कामाची दिशा कळते. मराठीत क्रियापद शेवटी येते: 'दिवा घे', 'दिव्याने जाळे जाळ', 'दिवा म्हाताऱ्याला दे'. यंत्राने वाक्य शेवटपासून वाचावे लागेल, आणि 'दिव्याने' या शब्दात 'दिवा' आहे हे ओळखावयास सामान्यरूप व विभक्ती शिकावी लागेल. शाळेत ज्या प्रकरणाला मुले कंटाळतात तेच येथे कुलपाची किल्ली ठरते. दिशांची आद्याक्षरे घ्यावीत तर 'उ' आणि 'द' निभावतात, पण पूर्व आणि पश्चिम दोघीही 'प'वर येऊन भांडतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे, तरीही एकेक अक्षर एकेका घरात बसवणाऱ्या जुन्या पडद्याच्या हिशेबात जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट मावत नाहीत. म्हणजे ८० घरांच्या ओळीचा अट्टाहास सोडणे ही इंग्रजी खेळाडूला सोय असेल. मराठी, हिंदी, बंगाली खेळाडूला ती प्रवेशाची पहिली अट आहे.

भ्रमणध्वनीचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही, कारण अनेक घरांत तोच एकमेव संगणक असतो. तेथे कळफलक अर्धा पडदा व्यापतो, शुद्धलेखन सुधारणारी यंत्रणा आज्ञांचे भलतेच शब्द करून टाकते, आणि गाडी बोगद्यात शिरली की जोडणी तुटून खेळाडूचे पात्र लढाईच्या मध्यावर पुतळ्यासारखे उभे राहते. जोडणी तुटल्यावर चालू प्रसंगात परत आणणारा जालपानावरील प्रवेश हा यावरील उपाय आहे. पायथॉन भाषेतील एव्हेनियासारख्या मोफत रचनांत जालपानावरून प्रवेशाची सोय सोबतच मिळते, तेव्हा नव्याने जग उभारणाऱ्याला सबबीला जागा नाही. जुन्या मडांचे काम अधिक जिकिरीचे आहे. तीस वर्षांपूर्वीच्या सी भाषेतील लेखनाला हात लावण्याची हिंमत असलेला स्वयंसेवक प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही.

म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. एकदोन स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मडने चित्रे आणि सजावट यांच्या नादी लागू नये. जालपानावरून थेट प्रवेश, वाचता येतील असे रंग, पाहुणा म्हणून नाव-गाव न विचारता पहिली दहा मिनिटे हिंडण्याची मुभा, आणि कोणत्या आज्ञा समजल्या नाहीत याची नोंदवही; एवढ्याने आरंभ व्हावा. ती नोंदवही आठवड्यातून एकदा वाचली तरी नवागत कोठे अडतात याचे उत्तर कोणत्याही वादविवादाशिवाय हाती येईल. डिकूमडच्या वंशातील खेळांनी आणखी एक पाहावे. त्या मूळ लेखनाच्या परवान्यात अशी अट आहे की प्रवेशाच्या वेळी कोपनहेगनच्या त्या पाच निर्मात्यांची नावे खेळाडूला दिसली पाहिजेत. नव्या, सुटसुटीत दारावर जागेची टंचाई सांगून सर्वांत आधी पुसली जाण्याची भीती त्याच ओळीला आहे.